पैसे नकोत, अनुभव मिळू दे

सर, आज एचआरने माझ्या गळ्यात एक काम घातलं आहे. कॉलेजची मुलं इंटर्न म्हणून घेताना मॅनेजरांनी काय करावं, काय करू नये, याच्या सूचना त्यांना लिहून हव्या आहेत. असली कामं माझ्याकडेच येतात, कारण मला आता भांडायचाही कंटाळा येतो. सकाळपासून दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात बसून मी शहाण्यासारखी वाक्यं लिहिते आहे. पहिल्या दिवशी बसायला जागा तयार ठेवा. आधी काम दाखवा, मग एकटं सोडा. चूक झाली तर चारचौघांत बोलू नका. लिहिताना सारखे तुम्हीच आठवता, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावर चिडायला मला फारसा वेळ लागत नाही.

बाबांनी तुम्हाला फोन केला तो मंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात. अल मनखूलच्या आमच्या घरी मी समोरच बसले होते. "साहेब, पैसे नकोत हो. पोरीला नुसता अनुभव मिळू दे. सुट्टीत घरी बसून तरी काय करणार?" आपल्या लोकांत हे असंच चालतं. मुलांसाठी पगार मागायची लाज वाटते, फुकट राबायला पाठवण्यात मात्र संस्कार दिसतात. शिवाय त्या दिवसांत रोज कुणीतरी ओळखीचं सामान बांधून भारतात परतत होतं, अशा वेळी पैशांचं नाव कोण काढणार? तुम्ही हो म्हणालात. बाबांनी फोन ठेवून आईला सांगितलं, "माणूस चांगला आहे."

तुम्ही चांगलेच होतात. तुम्ही मॅनेजर होतात त्या ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज होत. कोकणातले एक ड्राफ्ट्समन होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत, त्यांच्या शेजारी तुम्ही मला बसवलंत. एकदा मी सगळ्यांसाठी चहा करायला उठले तर केवढ्यांदा ओरडलात! "चहाला माणूस आहे इथे. तू विचारायला आलीयेस, विचार." मग साइटवर नेलंत. अर्धवट इमारत, आत भट्टीसारखं तापलेलं. तुम्ही वर बोट दाखवून म्हणता, "बघ, कागदावर सरळ गेलेली तुझी डक्ट इथे बीमला धडकते. आता काय करशील?" मी काहीतरी सांगते, तुम्ही मान हलवता, आणि मला वाटतं, हेच, आयुष्यभर मी हेच करणार. पुढे मी भाऊंची ड्रॉइंग्ज त्यांच्या आधी पूर्ण करायला लागले. तुम्ही बघता आहात, खूश होता आहात, अशी माझी समजूत होती.

मग एका गुरुवारी, तेव्हा इथे आठवडा गुरुवारी संपायचा, संध्याकाळी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. "रविवारपासून येऊ नकोस." मी विचारलं, "माझं काही चुकलं का, सर?" तुम्ही स्क्रीनवरून नजरही काढली नाहीत. "नाही. झालं तुझं शिकून. खलास." अर्धी सुट्टी अजून बाकी होती. घरी बाबा म्हणाले, "काहीतरी आगाऊपणा केला असशील." मला तेच खरं वाटलं. पुढच्या वर्षी मी डिझाइनचे विषय घेतलेच नाहीत. आज मी मीटिंगा लावते, लोकांच्या तारखा सांभाळते, आणि ड्रॉइंग्ज दुसरे कुणीतरी करतात.

तुम्ही गेल्यानंतर कधीतरी भाऊ मला बर दुबईत किराणा दुकानात भेटले. गप्पा मारता मारता सहज म्हणाले, "तुला घरी पाठवलंन म्हणून मी टिकलो गो. मालक साहेबांना बोलला होता, हबीबी, लडकी फ्री में करती है, तो इसको सॅलरी कायको? म्हणून साहेबांनी तुलाच काढलंन. मुली शाळेत होत्या माझ्या तेव्हा." त्यांना वाटलं, मला माहीत असणार. मी मान डोलावली आणि हातातली कोथिंबीर परत ठेवून घरी आले.

आता माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, हुशार, पायाला चाकं लावल्यासारखी. तिच्या वडिलांचा अबू धाबीच्या खलिफा सिटीहून फोन आला होता, "मॅडम, स्टायपेंड नको, डिसेंबरपर्यंत राहू दे तिला." माझ्या बॉसने ते ऐकलं आणि लगेच म्हणाला, मग तेच काम करणाऱ्या पगारी ज्युनिअरचा व्हिसा रिन्यू कशाला करायचा? काळ बदलतो म्हणतात, पण आपले बाप आणि मालक मला तरी तसेच दिसतात. मी सूचनांमध्ये लिहून टाकलं की पगारी माणसाच्या जागी विद्यार्थी बसवू नये. एचआर ते ठेवेल असा माझा भरवसा नाही, म्हणून आज दुपारी त्या मुलीला समोर बसवून तिची इंटर्नशिप संपवली.

कारण मी सांगितलं. तुझ्या कामात काही खोट नाही, तू फुकट आहेस म्हणून एकाची नोकरी जाते आहे. ती म्हणाली, "बट मॅम, दॅट्स नॉट फेअर टू मी." मी म्हटलं, "नाहीच आहे." ती रडली, नाक पुसलं, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात डिझाइनसाठी कुठे अप्लाय करू, असं विचारायला लागली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

हे पत्र पाठवायला आता कुठला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही केलंत ते बरोबर होतं, सर. आज मीही तेच केलं. पण ती पाच मिनिटं तुम्ही मला दिली नाहीत, आणि ते मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.