पॅनेल कुठे बसवावीत

ऐन झेबदे, ऑलिव्हची तोडणी उरकल्यावरचा रविवार

थोरली बहीण उम्म सलीम हिचे हात दुरूनच डोळ्यांना लावून धाकटा भाऊ अबू नदीम लिहितो, की आम्ही इथे सुखरूप आहोत, आणि यापेक्षा मोठी बातमी या देशात सध्या कोणाकडेच नाही. देव तुला आमचंही आयुष्य देवो. तुझे गुडघे कसे आहेत? तेलाचा डबा पाठवलाय तो गुडघ्यांना चोळायला, सलीमच्या कोशिंबिरीत ओतायला नाही. माँट्रियलमध्ये माझा नदीम तुझ्याकडे जेवायला येतो ना? येत असेल तर त्याला मात्र तेल वाढ.

ताई, आम्ही सौर पॅनेल घेतली. सरकारी वीज हल्ली घाईतल्या पाहुण्यासारखी येते, कॉफी ठेवेपर्यंत गेलेली असते. आणि गल्लीला वीज विकणाऱ्या जनरेटरवाल्याचा तोरा असा, की लग्नाची तारीख लोक पाद्रीबाबांच्या आधी त्याला विचारतात. पंप चालेना, टाकीत थेंब नाही, तेव्हा नदीमच्या आईने, आपल्या उम्म नदीमने, मला स्पष्ट सांगितलं, की आता एकतर घरात वीज येईल किंवा ती माहेरी जाईल. (तिचं माहेर समोरच्याच गल्लीत आहे, पण बोलणं लागतंच.) तर पॅनेल आली, आणि तेव्हापासून पाहुण्यांच्या खोलीत सोफ्यावर चादर पांघरून पडून आहेत. पाहुणे खुर्च्यांवर बसतात.

आधी मी म्हटलं, अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवावर बसवू. वेल जुना झालाय, सावलीही पॅनेलांची पडेल. यावर उम्म नदीमने एवढंच विचारलं, की उद्या तुम्हाला द्राक्षाची भात भरलेली पानं खावीशी वाटली तर मी पॅनेल गुंडाळू का? मांडव बाद. मग अंगणाची भिंत पाहिली. फौआद मिस्त्रीने एक पॅनेल नुसतं धरून दाखवलं, तर त्याची तिरीप थेट शेजारच्या अबू तन्नूसच्या सज्जात. तो काळा चष्मा लावून कॉफी घेऊन बसला आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, की अबू नदीमने मला आंधळं करून माझी जमीन लाटायचं ठरवलंय. तिसरी जागा कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर. ही कल्पना माझी होती आणि ती चांगली होती. पण फौआद अंगाने तुझ्या दिवंगत यजमानांसारखा, आणि खुराडं बांधलेलं कोंबड्यांच्या हिशेबाने. तो छपरातून सरळ आत गेला. कोंबड्या अजून धास्तावलेल्या आहेत, अंड्यांचं नाव नाही.

बाहेर येऊन, कंबर चोळत, पिसं झटकत त्याने वर पाहिलं. "काका, डोक्यावर एवढी सपाट गच्ची, दिवसभर ऊन, आणि तुम्ही मला कोंबड्यांत पाठवता?"

मी म्हटलं, "वर नदीमचं घर आहे."

"कुठाय घर? मला तर नुसते खांब दिसतात."

या मुलाने शहरात राहून जनरीत सोडली असावी. बाप घर बांधतो तेव्हा वरच्या खांबांच्या सळया मोकळ्या ठेवतो, मुलगा लग्न करून वर मजला चढवतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं का? दर हिवाळ्याआधी मी त्या सळयांना ग्रीस लावतो. खोल्या मी खडूने आखल्या आहेत. (स्वयंपाकघर पूर्वेला. सुनेला आवडेल, मग ती कुठलीही असो.) उम्म नदीम गच्चीत गहू वाळत घालते तेसुद्धा त्याच्या दिवाणखान्यात, झोपायच्या खोलीत कधी नाही.

अबू तन्नूस चष्म्याआडून म्हणाला, "अबू नदीम, निम्म्या गावाच्या गच्च्यांवर सळया आहेत. पोरं कुठायत?" त्याची स्वतःची गच्ची तशीच आहे. पण मला फार लागलं, ताई. पॅनेल एकदा वर चढली की उतरत नाहीत, मग माझ्या मुलाने परत येऊन राहायचं कुठे?

सलीमला आशीर्वाद. उम्म नदीम तुझ्या दोन्ही गालांचे मुके घेते.

तुझा भाऊ,
अबू नदीम

ता. क. एक काम कर. नदीमला जेवायला बोलाव आणि सहज विचार, की मजला कधी चढवायचा. मी विचारलंय म्हणू नकोस. पॅनेलांचा विषय काढ, मग आपोआप निघेल.

आणखी ता. क. विचारू नकोस. वरचं लिहीपर्यंत उम्म नदीमने फौआदला बोलावलं आणि पॅनेल त्या खांबांनाच बांधायला लावली. मी ओरडत वर गेलो. ती म्हणाली, नदीमने तिकडे घर घेतलंय, त्याने तिला ईस्टरलाच सांगितलं होतं. तुम्ही इतक्या हौसेने सळयांना ग्रीस लावत होता, माझी जीभ उचलेना, म्हणाली. तुलाही ठाऊक असणार, ताई. मी रागावलो नाही. पंप चालू आहे, टाकी भरतेय. तू फक्त एवढं कळव, की त्याच्या त्या घरात ऊन येतं ना.