अगाथाला घेशील का?

हेकेनबाख, १४ ऑक्टोबर

चि. लुडगरला रोझविथाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा तसाच आहे, ओढ्यापर्यंत जाववत नाही. आलुबुखारं संपली, तेव्हा केक मागू नकोस. आज काम वेगळंच आहे. आपल्या ओढ्यावरचे सॅलमँडर, पालीसारखी दिसणारी ती बेडकांची भावंडं, मरायला लागलेत रे. कातडी खाणारी ती बुरशी इथवर आलीच. वनरक्षकाने फाटकाबाहेरूनच मेलेल्यांची बादली दाखवली. अंगावरचे पिवळे ठिपके तसेच, पण कातडीला भोकं. मला दुपारी जेवण गेलं नाही.

त्यांच्यातली माझी अगाथा मात्र अजून धडधाकट आहे. तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात ती कित्येक वर्षं राहतेय, भाडं नाही की कटकट नाही. पण ओढा एवढा जवळ, किती दिवस वाचेल? तुझ्या अंगणात जाळीचं एवढं मोठं आवार आहे, दर वर्षी पिल्लं होतात. अगाथाला घेशील का? निसर्ग खात्याच्या बाई परवानगी द्यायला तयार आहेत. नाही म्हणू नकोस बाबा.

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझी ताई

ब्रिलोन, १९ ऑक्टोबर

ती. रोझविथाताईस लुडगरचा सा. न. वि. वि.

ताई, नाहीच म्हणतोय. रागावू नकोस. आवारातले माझे सॅलमँडर म्हणजे वीस वर्षांचा संसार आहे. एक आजारी आत आला की सगळ्यांचा निकाल. अगाथा धडधाकट दिसते म्हणतेस, पण ही बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी जनावरांच्या डॉक्टरकडून तिची कातडी तपासून घे. मग बघू.

हिल्डेगुंड म्हणते, सख्ख्या बहिणीला नाही म्हणताना बायकोसमोर तरी लाज वाटू दे. वाटते गं. पण इलाज नाही. सर्व संतांच्या सणाला आई-बाबांच्या थडग्यावर दिवे लावायला येतोय, तेव्हा समोरासमोर भांड.

कृपा कमी करू नये, ही विनंती.
तुझा लुडगर

हेकेनबाख, ६ नोव्हेंबर

चि. लुडगरला आशीर्वाद, थोडे कमी. वि. वि.

आलास, दिवे लावलेस, दोनदा वाढून घेतलंस आणि रिकाम्या हाताने गेलास. डॉक्टरचा कागद टेबलावर होता, अगाथाला काही झालेलं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तू चष्मा लावून वाचलास आणि म्हणालास, तरी शंका राहतेच. मग एकटाच ओढ्यावर गेलास, गुडघाभर चिखल घेऊन आलास, आणि कॉफी पिऊन चालता झालास. तू गेल्यावर मी खूप रडले, हे मुद्दाम कळवते.

आता ऐक. कोठाराच्या मागे, सावलीत, मी स्वतःच आवार केलंय. दगड, शेवाळ, अंगणातल्या झाडाची सुकी पानं आणि वर जाळी. शेजारचा योप हसला, त्यालाच खणायला लावलं. अगाथा झाडाच्या सालीखाली शिरली ती पाऊस पडल्यावरच बाहेर आली, आणि आल्या आल्या एवढा मोठा गांडूळ गट्ट केला. मी नवशिकी आहे, काही चुकत असेल तर कळव. जागा दिली नाहीस, अक्कल तरी दे.

राग आहे, पण लोभही आहे.
ताई

ब्रिलोन, २० जानेवारी

ती. ताईस सा. न.

इतके दिवस लिहिण्याचं धाडस झालं नाही. माझं आवार रिकामं झालं, ताई. सगळे गेले. पहिला नाताळाच्या आधी गेला. उरलेल्यांना घरात घेतलं, डॉक्टरने सांगितलं ते सगळं केलं, उशीर झाला होता.

सणाला ओढ्यावर गेलो होतो ना, एखादा तरी जिवंत दिसतो का ते बघायला? तोच बुरशीचा चिखल बुटांवर घेऊन घरी आलो आणि त्याच बुटांनी आवारात शिरून पानं पसरली. तुझ्या अगाथाला दारात उभं केलं नाही, आणि मरण मात्र मी स्वतःच्या पायांनी आत नेलं.

हिल्डेगुंडला फोनवर म्हणालीस, अगाथा फार सुटलीय. सुटली नाही गं, गाभण आहे. नर सोबत नसला तरी चालतं. मादी त्याचं बीज महिनोन्‌महिने पोटात सांभाळते. पिल्लं ती पाण्यात सोडेल. आवारात पसरट भांड्यात पाणी ठेव, आत उतरते दगड रच. तिला पोहता येत नाही, बुडेल. बाकी विचारशील ते लिहून कळवेन. मी मात्र येणार नाही. मला तिच्या जवळपास फिरकू देऊ नकोस.

लोभ असावा, असं कोणत्या तोंडाने लिहू?
लुडगर

हेकेनबाख, २३ मार्च

चि. लुडगरला पोटभर आशीर्वाद. वि. वि.

अगाथा बाळंत झाली! भांड्यात ही वळवळ! काळी, बोटाच्या पेराएवढी, मानेशी कल्ल्यांची झालर. अगाथा दगडावरून पाण्यात उतरली आणि तशीच परत वर आली, जशी काही रोजच बाळंत होते. वनरक्षक म्हणाला, ओढ्यावर आता एकही उरला नाही. म्हणजे आपल्या ओढ्याचं जे काही आहे ते माझ्या भांड्यात आहे, आणि मला भीती वाटते रे.

येणार नाही असं तू ठरवलंस, मला विचारलंस? यांना काय भरवायचं, पाणी किती वेळा बदलायचं, एकमेकांचे पाय खायला लागली तर काय करायचं? फोनवर तू येत नाहीस, आणि पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत ती थांबणार आहेत का? तुझ्या मापाचे नवे बूट आणून ठेवलेत, ते इथून हलायचे नाहीत. तुझे फाटकाबाहेर काढ, हात धू आणि आत ये. हिल्डेगुंडलाही आण. आणि फाटकाशी उभा राहून रडत बसू नकोस. रडायचं असेल तर आत येऊन माझ्याजवळ रड.

वाट बघतेय.
तुझी ताई