चिमण्यांसाठी पाणी

औरंगाबाद, सप्टेंबर १९९१

तीर्थरूप आप्पांना चिमीचा मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. मेसमधलं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी, पण भाकरी गरम मिळते. आईचा गुडघा कसा आहे? पालेगावची मावशी येऊन गेली का?

परवा वर्गात एक युद्धकविता शिकवली. लढाईवरून परतलेला शिपाई रोज संध्याकाळी खिडकीत पेलाभर पाणी ठेवतो. मॅडमनी विचारलं, हे पाणी कुणासाठी? मी पटकन म्हणाले, "चिमण्यांसाठी." सगळा वर्ग हसला. हसू देत मेले! फौजेतून श्रीलंकेच्या लढाईवर जाऊन आल्यापासून तुम्ही अंबरनाथच्या आपल्या खिडकीत पेला ठेवता, आणि मी विचारलं तेव्हा तुम्हीच तसं सांगितलं होतंत.

मग मॅडमनी शेवटचं कडवं वाचलं. शिपायाने गोळी घातलेला पोरगा मरताना पाणी मागत होता, आणि ह्याने दिलं नव्हतं. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

तेव्हापासून डोळा लागला की आपली खिडकी दिसते. कठड्यावर कुणी अनोळखी मुलगा बसलेला असतो, आपल्या धाकट्या जयदेवएवढा. तो सावकाश पाणी पितो आणि चिमण्या त्याच्या खांद्यावर येऊन बसतात. मला त्याची भीती वाटत नाही, आप्पा.

तुम्हाला हल्ली झोप लागते ना?

दिवाळीला येईन तेव्हा पेला मी भरीन. कुणासाठी ते सांगितलंत, तर शेजारी बसून ऐकेन. चिमण्यांसाठी म्हणालात, तरी काठोकाठ भरीन.

तुमचीच,
चिमी