टाकीवरचा तपास

सोमवार, ३ मार्च
साथीच्या तपासाचं ट्रेनिंग सुरू. दवाखान्यात बसून लोकांचे खोकले ऐकण्यासाठी माझा जन्म नाही, हे एकदाचं सिद्ध होणार. बायको म्हणाली, जाताय ते ठीक, पण तिथे समोरच्याला बोलू द्या. दुर्लक्ष केलं. जोडीदार म्हणून एक दातांची डॉक्टर मिळाली आहे. सांभाळून घ्यावं लागणार.

मंगळवार, ४ मार्च
ट्रेनर मॅडम म्हणाल्या, आजारी माणसांना काय खाल्लं-प्यालं विचारा, तसंच धडधाकट माणसांनाही विचारा. मी विचारलं, धडधाकट माणसाला आजारातलं काय कळणार? मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

गुरुवार, १३ मार्च, सकाळी
केस मिळाली! शिवणकामाच्या कारखान्यात कालपासून उलट्या-जुलाब. वीसेक जणी हॉस्पिटलमध्ये. एक मुलगी तर पार गळून गेली आहे. तिच्या आईने माझा हात धरला, म्हणाली, लवकर शोधा हो. गलबलून आलं. म्हटलं, दुपारपर्यंत शोधतो.

दुपारी
शोधलं! गच्चीवरची पाण्याची टाकी. झाकण तिरकं, आत एक वाळकं पान. आणखी काय पुरावा हवा? दातवाली म्हणाली, आधी सगळ्यांना विचारू. म्हटलं, तू विचारत बस, मी साथ थांबवतो. मेन नळाला कुलूप ठोकलं. मॅनेजर म्हणाला, एवढ्या उन्हात माणसं पिणार काय? विज्ञानाला भावना नसतात, असं सुनावलं.

शुक्रवार, १४ मार्च
पाणी बंद, तरी आणखी पाच जणी आडव्या. टाकी भलतीच चिवट दिसते. पत्रकारांसाठी निवेदन लिहिलं. टाकीवर हात ठेवून फोटोही काढून घेतला. पत्रकार आले नाहीत. दातवाली अजून विचारतेच आहे. तेही धडधाकटांना! कीव आली.

शनिवार, १५ मार्च
मॅडम आल्या. दातवालीने कागद पुढे केले. पाणी सगळेच प्यालेले. आजारी पडल्या त्या मात्र जवळजवळ सगळ्या कॅन्टीनचं कस्टर्ड खाल्लेल्या; धडधाकटांत ते खाणारी जेमतेम एखादी. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम, आणि कस्टर्ड फ्रिजबाहेर. उरलेलं परवा पुन्हा वाढलं होतं. म्हणजे मी टाकीवर पहारा देत होतो तेव्हा.
मॅडमनी विचारलं, तुम्ही इथलं पाणी प्यालात? म्हटलं, कुलूप लावण्याआधी तांब्याभर. कस्टर्ड? नाही. पोट? एकदम ठणठणीत. त्यांनी दातवालीला सांगितलं, यांनाही धडधाकटांत लिहून घे.
कस्टर्ड ओतून दिलं, आचाऱ्याला रजा दिली, नळ उघडला.

सोमवार, १७ मार्च
परवापासून एकही नवा पेशंट नाही. शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की निर्णायक पुरावा माझं पोट होतं. अहवालात तसा उल्लेख व्हावा, असं मॅडमना फोनवर सुचवलं. फोन कट झाला. रेंज नसावी.
उद्या हॉस्पिटलमध्ये जाणार. माणसांना आभार मानायचे असतात, संधी द्यायला हवी.

मंगळवार, १८ मार्च
गेलो. मुलगी उठून बसली होती, हसत होती. खरंच बरं वाटलं. कारखान्यातल्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या. मला बघून एकजात म्हणाल्या, अय्या, नळवाले काका!
मुलीची आई लगबगीने उठली. पुन्हा माझा हात धरला. म्हणाली, बरे आलात, वॉर्डच्या बाथरूमचा नळ रात्रभर टपटपतो, पोरीला झोप नाही, जरा बघता का?
बघितला. वॉशर गेला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून बसवला.
गळती पूर्ण आटोक्यात.