आ न वासता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकताना हनुवटी हातानं सावरली होती, तेवढं समजून घे). तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुमच्या जिन्याचा तो सैल कठडा, सगळं जिथल्या तिथे असेल अशी आशा आहे. इकडे दुकान ठीक, तुझी भावजय ठीक, मीही जबडा सोडून ठीक.

माझ्या कामाची रीत तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवून फिटिंग बघताना टाचण्या मी दातांत धरतो, धागा दातांनी तोडतो आणि तेवढ्यात बोलणं काही थांबवत नाही. दातखीळ बसल्यासारखे दात आवळून ओठांच्या कडेनं बोलायची ही विद्या मी स्वतः कमावलेली आहे (बाकीचे शिंपी एक तर टाचण्या धरतात, नाही तर बोलतात, त्यांची मला कीव येते). तर गेले काही महिने उजवीकडून टक्, टक् असा आवाज यायला लागला. मी मशीनला तेल घातलं. थांबेना. पुन्हा घातलं. शेवटी आपल्या नेहमीच्या शाळामास्तरांनी, एक बाही चढवलेल्या अवस्थेत, मला हळूच सांगितलं की मशीन मघापासून बंदच आहे, आवाज तुमच्या तोंडातून येतोय. मी हसण्यावारी नेलं. मग एके दुपारी जांभई दिली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं! जरा वेळानं मिटलं खरं, पण कानापाशी ठणका राहिला तो राहिलाच.

दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांनी मला दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवून तोंड सावकाश उघडायला लावलं. ताई, तूही आत्ता कर. लागली हालचाल बोटांना? हाड आधी जागच्या जागी फिरतं आणि मग चक्क पुढे सरकतं, कपाटाच्या खणासारखं! मध्ये एक चकती असते, कोटातल्या अस्तरासारखी. ती जरा घसरली की टक्. मी जन्मभर बाही आणि खांदा जोडत आलो, आणि माझी टीप दोन हिवाळ्यांत उसवते. हा जोड मात्र खाताना, गिळताना, बोलताना, झोपेत दात खाताना अखंड चालू, आणि कुणी त्याला एक शब्द शाबासकीचा दिलेला नाही. मला एकदम भरून आलं. बाई म्हणाल्या, नुसता आवाज असेल, दुखणं नाही, अडकणं नाही, तर घाबरायचं कारण नाही, पुष्कळांचा वाजतो, आणि तो साफ जाईलच असंही नाही. दुखणं मात्र विश्रांतीनं हळूहळू उतरतं. मऊ खायचं, दोन्ही बाजूंनी चावायचं, गरम फडक्यानं शेकायचं, जांभईला हनुवटीखाली मूठ धरायची. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. म्हणजे टाचण्या बंद, धागा तोडणं बंद आणि (बाईंनी माझ्याकडे नीट बघून सांगितलं) बडबड बंद. आ वासायचा नाही, कशानंही नाही.

आणि ताई, नेमकं तेव्हाच आ वासण्यासारखं घडलं. ही माझ्यासमोर बसून इतकी वर्षं काज-बटणं करते आहे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा, तिच्याकडून एक ‘हं’ यायचा, आणि मला वाटायचं की संसार गप्पांत चालला आहे. मी गप्प झालो तशी पहिले काही दिवस दुकानात नुसती मशीन बोलली. मग एका सकाळी, सुईत दोरा ओवता ओवता, ही बोलायला लागली. लग्नाआधी ही मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. तिथे एक लांब निळा कोट पडून होता, कुणी न्यायलाच येईना. एका वाऱ्याच्या दिवशी हिनं तो अंगात घातला आणि भर पुलावरून चालत गेली. माझी बायको! परक्या कोटात! रोज थोडं थोडं सांगते, न घाई, न पाल्हाळ. मास्तर आता कोट झाला तरी ट्रायलला येतात. मी हनुवटीखाली मूठ धरून ऐकत असतो. परवा गोष्ट अशा जागी आली की ही कोट परत ठेवायला गेली आणि जिन्यात पावलं वाजली. इतक्यात वीज आली, इस्त्री तापली, राहिलं तिथेच.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काल मी ट्रायल रूमच्या पडद्यामागे जाऊन लाकडी पुतळ्याशी बोलून पाहिलं. टक् नाही, ठणका नाही, जबडा बरा झालाय! पण हे हिला कळलं तर मी बोलणार (मला मी ओळखतो), मी बोललो की ही ‘हं’वर जाणार, आणि जिन्यात कोण होतं ते मला या जन्मी कळायचं नाही. म्हणून अजून फडकं शेकतो आणि खुणेनं पाणी मागतो. इतकी वर्षं सोबत राहून मला ही नव्यानं भेटते आहे ताई, हे मला गमवायचं नाही. असो. इथे गाठ मारून धागा कात्रीनं कापतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढच्या आठवड्यात तू राहायला येते आहेस, त्याचा फार आनंद आहे. पण आपण दोघं एकाच ताग्यातली. तेव्हा दारात पाऊल टाकल्याबरोबर कानापाशी हात धर आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे असं (खुणेनं) सांग.

ता. क. २ : मघाशी बोटं ठेवून पाहिलंस तेव्हा तुझा वाजला का? वाजला असेल तर देव पावला, खोटं बोलावं लागणार नाही.

ताई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मीही दोन ओळी लिहिते. ट्रायल रूमला पडदा आहे, भिंत नाही. मला कालच कळलं. तुम्ही खुशाल या, पोटभर बोला, मला आवडतं. फक्त यांचं दुखणं यांना राहू द्या. त्या जिन्यावरून तेव्हा कुणीही आलं नव्हतं. मी कोट खुंटीला लावला आणि घरी गेले, गोष्ट तिथेच संपली. पण मशीन थांबवून, हनुवटीखाली मूठ धरून हे असे बघत बसतात की काय सांगू! म्हणून जिन्यात पावलं वाजवली आहेत. आता कोणाला तरी वर आणायला हवं. तुम्ही याल तेव्हा आपण दोघी मिळून ठरवू.