पैलवान आडवा होत नाही

३ मार्च
दिवसभर मासे बघत बसले. नोकरी आहे ही! काठोकाठ भरलेली बरणी, आत एक मासा, वर गच्च झाकण. पाण्यातला ऑक्सिजन तोच हळूहळू संपवतो. तोल जाऊन आडवा झाला, की मीटरवरचा आकडा टिपायचा आणि त्याला लगेच ताज्या पाण्यात सोडायचं. जरा वेळाने उठतो आणि माझ्याकडे असा बघतो ना!

आई म्हणाली, "मासा पाण्यात गुदमरतो? आणि याचा पगार देतात तुला?"

४ मार्च
आज एक फाटक्या शेपटीचा आडवा व्हायचं नावच घेईना! बाकीचे कधीच पडले होते. आकडा शून्याला टेकत आला तरी हा आपला ढिम्म. डबा खायचा राहिला. शेवटी मीच हरले, काढला बाहेर. नाव ठेवलं पैलवान. चाचणीच्या माशांना नावं ठेवायची नाहीत, अशी सरांची ताकीद आहे. ठेवलं!

५ मार्च
पैलवानाच्या विक्रमाने सर हवेत तरंगतायत. आठवेल त्याला फोन. मग अगदी सहज म्हणाले, "आता याचे कल्ले तपासायला हवेत. उद्या कापू."



६ मार्च
थाप मारली — ब्लेड बोथट आहे.

७ मार्च
दुसरी थाप — नवी ब्लेडं सापडत नाहीत. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" सर. नाहीये!

आईला सांगितलं. "अगं, मासाच ना तो?" मग भांडी लावता लावता, "खातोय का नीट?"

१० मार्च
सापडलं! पैलवानाच्या बरणीचं झाकण एका बाजूने वाकलंय, खाली हवा राहते. तरीच सारखा वर जात होता लबाड — तोंड लावून हवा पीत होता! विक्रम खोटा! चूक माझी, आणि नाचतेय मीच.

सर भडकले. "सगळ्यांना सांगून बसलोय मी! नवं झाकण घे, उद्या परत चाचणी. बुडबुडा दिसता कामा नये. पुन्हा तेवढाच टिकला, तर मात्र लगेच कापायचा."

टिकतोय कसला! जीवात जीव आला.

११ मार्च
बुडबुडा नव्हता. पुन्हा पुन्हा पाहिलं. आकडा त्या दिवसापेक्षाही खाली गेला. पैलवान सरळच्या सरळ.

सरांनी दारातूनच विचारलं, "काय झालं?"

"सगळ्यांसारखाच आडवा झाला," म्हणाले मी.