बारा कुप्यांची पोच

प्रिय चिमणे,

रविवारी फोनवर तू आधी रडलीस, मग हसलीस. तुमचा फ्रीजर सुट्टीत बंद पडला, सहा वर्षांचं यीस्ट वितळून मेलं, पण म्हातारीकडे बारा कुप्या आहेत हे आठवल्यावर तुझ्या घशाखाली घास उतरला म्हणे. मी नुसतं हं म्हटलं. हॉस्टेलवर मी नऊला झोपायचे म्हणून तू मला म्हातारी केलंस, आता केसांनीही तुझं ऐकलंय.

आपल्या दोन विद्यापीठांचा करार झाला तेव्हा साहेब लोक फोटोंत दंग होते आणि आपण मागे उभ्या राहून खिदळत होतो. त्यात एक कलम तुझंच. यीस्टचा प्रत्येक वाण दोन्हीकडे गोठवून ठेवायचा, आणि आलेल्या कुप्यांतली एक वाढवून, जिवंत आहे हे बघूनच पोच द्यायची. मी तुला खडूस म्हटलं होतं. तुझं यीस्ट मात्र भारी गुणी. झाडाच्या सालीतून जे औषध चिमूटभर निघतं, ते हे बापडं साखर खाऊन करायचं. शुक्रवारी कंपनी तेच बघायला येणार आणि त्यावर तुझी नोकरी ठरणार, हे मी विसरलेले नाही.

तुझं पार्सल आलं तेव्हा मी आईपाशी दवाखान्यात होते. दोन दिवस ते फाटकावर उन्हात पडून होतं. उघडलं तर ड्राय आइस संपलेला, कुप्या कोमट. एक वाढवून पाहिली, काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीला अहवाल जायचा होता, आमच्या सरांना सगळ्या रकान्यांत 'जिवंत' हवं होतं. मी तसं लिहिलं, सही केली आणि तुलाही तीच पोच पाठवली. म्हटलं, सवडीने दुसऱ्या मागवू, चिमणी दोन शिव्या घालेल आणि पाठवेल. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने गेले. तेव्हा तुझा फ्रीजर भरलेला होता गं.

तुझा फोन ठेवला आणि उरलेल्या अकराही कुप्या प्लेटांवर वाढायला लावल्या. वेडी आशा. तीन दिवस झाले, अकराही प्लेटा कोऱ्या आहेत, काही उगवलं नाही. लाज वाटते, झोप येत नाही.

तू पाठवलेला माणूस खाली पेटी घेऊन थांबलाय. तिच्यात कुप्या नसतील, हे पत्र असेल. कंपनीला माझं नाव सांग, सरांना मी सगळं खरं लेखी दिलंय. फोनवर माझी जीभ रेटली नाही, आणि तू तर सगळी लॅब गोळा करून पेटी उघडशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, एकटीने उघड.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
म्हातारी